म्हणींतील झुडपे आणि मातीतील मुळे

मराठी भाषेने वड, पिंपळ, आंबा अशा वृक्षांना मानाचे स्थान दिले आहे. झुडपांच्या वाट्याला मात्र बहुधा उपहासच आला. ‘ओसाड गावी एरंड बळी’, ‘एरंडाचे गुऱ्हाळ’, ‘कुंपणच शेत खाते’, ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ हे बोल पाहिले, म्हणजे जे ठेंगणे, निरुपयोगी, विश्वासघातकी वा अल्पजीवी, त्याला भाषेने झुडपाचे किंवा रोपट्याचे रूप दिले, असे दिसून येते. याउलट ‘मूळ’ या शब्दाभोवतीचे वाक्प्रचार गंभीर आहेत. प्रश्नाच्या मुळाशी जावे लागते, वादाचे मूळ शोधावे लागते, अनिष्ट रूढींची पाळेमुळे खणून काढावी लागतात.

झुडूप थट्टेचे आणि मूळ तेवढे विचाराचे, ही वाटणी भाषेत चालते. बागेत ती टिकत नाही. झुडूप जगते, फुलते किंवा अकाली वाळते, ते प्रामुख्याने मुळांच्या स्थितीनुसार. म्हणी घडवणारा समाज शेतीवर जगणारा होता, आणि त्यामुळे त्याच्या बोलण्यात मातीखालच्या व्यवहाराचे निरीक्षणही नकळत उतरले आहे. अंगणात, गच्चीवरील कुंडीत किंवा गृहनिर्माण संस्थेच्या आवारात चार झुडपे लावणाऱ्यास ते आजही उपयोगी पडण्यासारखे आहे.

झुडूप आणि त्याची मुळे

वृक्षाला सामान्यतः एक ठळक खोड असते. झुडपाला जमिनीलगतच अनेक काष्ठमय फांद्या फुटतात आणि त्याची उंची बहुधा १५ फुटांच्या आत राहते. जास्वंद, तगर, कण्हेर, मोगरा, मेंदी, अनंत, रातराणी, कोरांटी ही आपल्या परिचयाची झुडपे होत. तुळस हे त्यांचेच लहान भावंड. तिचा बुंधा काष्ठमय असतो, शेंडे मात्र कोवळे राहतात. तेरडा हे झुडूप नव्हेच. पावसाळ्यात उगवून काही महिन्यांत संपणारे ते एक रोप आहे. त्याची फुले झपाट्याने कोमेजतात, म्हणूनच क्षणिक उत्साहाला तेरड्याच्या रंगाची उपमा मिळाली. वर्षानुवर्षे जगायचे नसल्याने असे हंगामी रोप आपली शक्ती फुले आणि बिया यांवर खर्च करते. झुडपाला मात्र अनेक उन्हाळे काढायचे असतात. त्यामुळे ते मुळांत बरीच गुंतवणूक करते.

बियांपासून वाढलेल्या झुडपाला आरंभी सोटमूळ येते. ते सरळ खाली उतरते आणि त्याला आडवी उपमुळे फुटतात. फांदीच्या छाटापासून किंवा गुटी कलमापासून तयार केलेल्या झुडपाला असे मूळचे सोटमूळ नसते. त्याच्या बुंध्यातून निघणारी आगंतुक मुळे चोहोबाजूंना पसरतात. आपल्याकडील जास्वंद, तगर, मोगरा बहुतांशी छाटापासून वा दाब कलमापासून केलेले असतात. त्यामुळे पहिल्या एकदोन वर्षांत त्यांना पाण्याची आणि आधाराची गरज अधिक भासते.

जाड मुळांचे मुख्य काम झाड धरून ठेवणे आणि अन्नसाठा करणे हे आहे. पाणी आणि क्षार प्रामुख्याने शोषून घेतात ती टोकाकडील कोवळी मुळे व त्यांवरील सूक्ष्म मूलरोम. शेतकरी यांनाच ‘पांढरी मुळी’ म्हणतात. ही अन्न घेणारी मुळे बहुतेक जमिनीच्या वरच्या एक-दीड फुटाच्या थरात असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात. बुंध्यालगत ओतलेले पाणी व खत म्हणूनच पुष्कळदा वाया जाते. योग्य जागा बुंध्याची नव्हे, तर घेराच्या कडेची.

एरंडाचा मोठेपणा

ज्या गावी मोठे वृक्ष नाहीत, तेथे एरंडच मोठा ठरतो, असे पहिली म्हण सांगते. सामान्य कुवतीच्या माणसाला परिस्थितीमुळे लाभलेल्या मोठेपणावर तिचा रोख आहे. परंतु एरंड ओसाड जागी का टिकतो, याचे उत्तर म्हणीत नाही. ते त्याच्या सोटमुळात आहे. एरंडाचे मूळ खोलवर जाते आणि वरचा थर सुकला तरी खालच्या ओलाव्यावर झाड तग धरू शकते. गावाने त्याला मोठेपण दिले नाही, तर इतरांना न सोसलेली जमीन त्याने सोसली, असे वनस्पतिशास्त्र म्हणेल.

‘एरंडाचे गुऱ्हाळ’ म्हणजे लांबलचक आणि निष्फळ चर्चा. एरंड चरकात घातला तर गूळ मिळणार नाही, हे खरेच. पण त्याच्या बिया घाण्यात घातल्या, तर त्यांच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल निघते. वंगण, रंग, साबण, औषधे आणि विशिष्ट प्रकारचे नायलॉन यांसाठी या तेलाला जगभर मागणी असते. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिल्या क्रमांकावर असून त्यात सर्वांत मोठा वाटा गुजरातचा आहे. म्हणींनी ज्याला हिणवले, ते झुडूप देशाला परकीय चलन मिळवून देते. मात्र त्याच्या बिया अत्यंत विषारी असतात. लहान मुले असलेल्या घराच्या बागेत एरंड नसावा, हेच बरे.

याच नावाच्या दुसऱ्या झुडपाची कथा बोधप्रद आहे. मोगली एरंड ही वेगळी जात गुरे खात नाहीत, म्हणून ती पूर्वीपासून कुंपणाला लावली जाई. तिच्या बियांच्या तेलापासून डिझेलला पर्याय मिळेल, या आशेने २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने तिच्या मोठ्या लागवडीची शिफारस केली. पडीक जमिनीवर हे झुडूप जगले. परंतु पाणी आणि खत यांवाचून अपेक्षेएवढ्या बिया मात्र आल्या नाहीत. ज्यांनी त्या भरवशावर जमीन व पैसा गुंतवला, त्यांची निराशा झाली. तग धरणे आणि उत्पन्न देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुळे झाडाला जिवंत ठेवू शकतात, पण जमिनीत जे नाहीच, ते कोठून आणणार?

कुंपणच शेत खाते

रक्षकच भक्षक झाला, की ही म्हण उच्चारली जाते. तिचा शब्दशः अर्थ पाहिला, तर तो शेतकऱ्याच्या अनुभवाचा आहे. तारेचे कुंपण येण्यापूर्वी बांधावर शेर, निवडुंग, सागरगोटा, मेंदी, करवंद यांचे जिवंत कुंपण असे. ते गुरांना अडवी, वारा थोपवी, बांधाची माती धरून ठेवी. पण त्याची मुळे बांधापाशी थांबत नसत. ती शेतात शिरून पिकाच्या वाट्याचे पाणी व क्षार घेत आणि कुंपणालगतच्या ओळी खुरट्या राहत. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते. कुंपणाच्या मुळांची धाव त्याही पुढे जाते.

त्यावर उपायही शेतकऱ्यांना ठाऊक आहे. कुंपण आणि पीक यांच्यामध्ये दोन-तीन फूट खोल चर खणला, की आडवी मुळे तोडली जातात. बागेतही मेंदीच्या रांगेलगतचा गुलाब किंवा हिरवळ रोडावू लागली, तर अधिक खत घालण्याआधी मधली माती फावड्याने कापून पाहावी.

जिवंत कुंपणाचे भारतातील सर्वांत विलक्षण उदाहरण इंग्रजी राजवटीतील आहे. मिठावरील कर चुकवून होणारी वाहतूक रोखण्यासाठी सरकारने देशाच्या मध्यातून एक जकात रेषा आखली होती. १८६९ मध्ये ती सिंधू नदीपासून महानदीच्या परिसरापर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली होती आणि तिच्यावर सुमारे १२,००० माणसे पहारा देत होती. आरंभी ठिकठिकाणी वाळलेल्या काट्यांची वई घालत. पण ती वाळवी, आग आणि वारा यांना बळी पडे. १८६७ ते १८७० या काळात जकात आयुक्त असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, जे पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी होते, यांनी तिच्या जागी जिवंत झुडपे लावण्यावर भर दिला. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग व थोर यांपैकी कोणत्या मातीत काय रुजते, हे पाहून निवड केली गेली. जेथे जमीन निकृष्ट होती, तेथे चर खणून त्यांत चांगली माती भरण्यात आली. अशा रीतीने शेकडो मैलांची हिरवी भिंत उभी राहिली. काही ठिकाणी तिची उंची १२ फुटांपर्यंत होती. १८७९ मध्ये ही जकात रेषा रद्द झाली आणि काही दशकांतच ती भिंत नामशेष झाली. एका लेखी आदेशाने उभे राहिलेले कुंपण मुळांच्या निगेवर जगले आणि निगा संपताच विरून गेले. गरिबाचे मीठ महाग करणारे ते कुंपण खऱ्या अर्थाने शेत खाणारेच होते.

पाळेमुळे खणून काढणे

‘पाळेमुळे’ म्हणजे केवळ मुख्य मूळ नव्हे, तर त्याच्या सभोवती पसरलेला सारा गोतावळा. वरून छाटणी करून जे संपत नाही, ते समूळ काढावे लागते, हा या वाक्प्रचाराचा आशय. घाणेरी, जिला काही भागांत टणटणी म्हणतात, हे त्याचे चालतेबोलते उदाहरण आहे. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील हे रंगीत फुलांचे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणले गेले. पक्ष्यांनी त्याची फळे खाऊन बिया दूरवर नेल्या. आज हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्री आणि निलगिरीपर्यंतच्या जंगलांत त्याच्या जाळ्या माजल्या आहेत. त्यांच्याखाली गवत वाढत नाही, म्हणून हरणांना व गुरांना चारा मिळत नाही. पानेही जनावरांना विषारी ठरतात.

घाणेरी कापली किंवा जाळली, तरी ती पुन्हा फुटते. याचे कारण खोड आणि मूळ यांच्या सांध्यापाशी असलेले सुप्त डोळे. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी यावर एक साधी पद्धत सुचवली. जमिनीच्या दोन-तीन इंच खाली मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा मातीला धरत नाही. सगळी मुळे उपसण्याची गरज नसते. नेमका सांधा कोठे आहे, हे कळले पाहिजे. सांध्याखाली तोडणे आणि नंतर उगवणारी नवी रोपे वेचून काढणे ही दोन्ही कामे सातत्याने केली, तरच जागा मोकळी राहते.

घरच्या बागेतही याचा प्रत्यय येतो. तुळशी वृंदावनाच्या फटीत पक्ष्यांमुळे पिंपळाचे रोप उगवते. दोन पाने दिसताच ते मुळासकट उपटले तर काम भागते. दरवर्षी वरचा शेंडा खुडत राहिले, तर मूळ आत जाड होत जाते आणि पुढे गवंड्याला बोलवावे लागते.

तुळस का वाळते?

तुळशीचा भाषेतील मान वेगळा आहे. दान देताना वस्तूवर तुळशीचे पान ठेवून तिच्यावरील हक्क सोडला जाई. त्यावरूनच ‘घरादारावर तुळशीपत्र ठेवणे’ म्हणजे सर्वस्वाचा त्याग करणे, असा अर्थ रूढ झाला. सज्जनांच्या कुळात दुर्जन निपजला, तर ‘तुळशीत भांग’ म्हणतात. इतक्या मायेने जपलेली तुळस मात्र अनेक घरांत वारंवार वाळते आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या मनाला ती रुखरुख लागून राहते.

यामागे अशुभ काही नसते. कारण बहुतेक वेळा कुंडीच्या तळाशी असते. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो आणि तो त्यांना मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. कुंडीचे छिद्र बुजलेले असेल आणि रोज तांब्याभर पाणी पडत असेल, तर त्या पोकळ्या पाण्याने भरतात. मुळे गुदमरून कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाने माना टाकतात. ती पाहून पाणी कमी पडले असे वाटते आणि आणखी पाणी घातले जाते. अशा रीतीने श्रद्धेने घातलेले पाणीच रोपाच्या जिवावर उठते.

आपल्या शेतकऱ्यांनी या संदर्भात एक अर्थपूर्ण शब्द दिला आहे, तो म्हणजे ‘वाफसा’. जमिनीत ओलावा आहे आणि हवाही खेळती आहे, अशा स्थितीला वाफसा म्हणतात. वरच्या इंच-दीड इंच मातीत बोट घालून पाहावे. ती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. पूजेच्या वेळी पळीभर पाणी वाहिले, तर श्रद्धाही जपली जाते आणि मुळेही. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्यास रोपाची शक्ती बियांत जात नाही. एवढे करूनही तुळस काही वर्षांनी जुनी होतेच. अशा वेळी तिच्याच बियांपासून नवे रोप तयार करून ठेवावे.

मुळांतील ठेव

पाने उन्हात जे अन्न तयार करतात, त्यातील काही भाग पिष्टाच्या रूपाने मुळांत साठतो. छाटणीनंतर, पानगळीनंतर किंवा दुष्काळानंतर नवी फूट येते, ती या साठ्यातून. झुडपाच्या दृष्टीने ही त्याची मुदत ठेवच म्हणता येईल.

चहाचे मळे याची उत्तम साक्ष देतात. चहा न छाटता वाढू दिला, तर त्याचे लहान झाड होते. ठरावीक वर्षांनी छाटून त्याला कमरेइतके झुडूप बनवले जाते. छाटणीपूर्वी मळ्यांत मुळाचा तुकडा कापून त्यावर आयोडिनचे द्रावण टाकतात. काप गडद निळा-काळा झाला, तर पिष्ट पुरेसे आहे असे समजते. रंग फिका राहिला, तर छाटणी लांबवली जाते. अन्यथा झुडूप पुन्हा फुटण्याऐवजी मरू शकते. खात्यात शिल्लक आहे की नाही हे पाहूनच रक्कम काढावी, असाच हा शिरस्ता.

महाराष्ट्रातील डाळिंबाच्या बागांतही मुळांशी असाच हिशेब चालतो. डाळिंब हे मूलतः झुडूपच. त्याला मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार येतात. ज्या बहाराची फळे हवी असतील, त्याआधी काही आठवडे पाणी तोडले जाते; यालाच ‘ताण देणे’ म्हणतात. वाढ थांबते, पाने गळतात, अन्नसाठा वाढतो आणि नंतर पाणी व खत मिळताच झाड एकदम फुलावर येते. ताण किती द्यावा हे जमिनीवर अवलंबून असते. हलक्या जमिनीत तो थोडा पुरतो, भारी काळ्या जमिनीत अधिक लागतो. प्रमाण चुकले, तर हंगाम हातचा जातो आणि त्या भरवशावर घेतलेल्या पीककर्जाचा हप्ताही डोक्यावर राहतो.

गुलाबाच्या बाबतीत तर वरचे झाड एक आणि मूळ दुसऱ्याचे, असा व्यवहार असतो. काटक जंगली गुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा भरतात. फूल देखण्या जातीचे, पण जमिनीशी झुंज रानटी मुळाची. डोळ्याच्या खालून फुटणारा जोमदार फुटवा हा त्या खुंटाचा असतो. तो वेळीच काढला नाही, तर मूळच वरचढ होते आणि दोन वर्षांत मूळची जात नाहीशी होते.

बागेसाठी काही सूचना

झुडूप लावताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खड्डा किमान दीड फूट लांब, रुंद आणि खोल असावा. पिशवीतील रोपाची मुळे आतल्या आत गोल फिरलेली असल्यास ती हलक्या हाताने मोकळी करावीत. तशीच लावली, तर मातीतही ती गोलच फिरत राहतात. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांनी भरपूर द्यावे, म्हणजे मुळे ओलाव्याच्या शोधात खाली उतरतात. पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, पण ते बुंध्याला चिकटू देऊ नये. मोठी वाढणारी झुडपे भिंत, सांडपाण्याची नळी व पाण्याची टाकी यांपासून काही फूट दूर असावीत. मुळे सहसा धड नळी फोडत नाहीत; परंतु झिरपणाऱ्या सांध्याचा माग काढून तीत शिरतात. मुळे आत शिरलेली आढळली, तर झाडाबरोबरच नळीचीही तपासणी करावी.

पारिजातक सत्यभामेच्या अंगणात आणि फुले रुक्मिणीच्या अंगणात, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मुळांचा स्वभावही तसाच असतो. त्यांना मालमत्तेची हद्द कळत नाही. त्यामुळे सामाईक भिंतीलगत झुडूप लावण्यापूर्वी शेजाऱ्याशी दोन शब्द बोलून घेणे शहाणपणाचे ठरते.

‘मूल्य’ हा शब्द ‘मूल’ या शब्दापासूनच आला आहे आणि व्यापारातील भांडवलालाही संस्कृतात ‘मूल’ म्हणत. फळ डोळ्यांना दिसते, मूळ दिसत नाही. म्हणूनच त्याची आठवण करून देणारे शब्द भाषेने जपून ठेवले असावेत. येत्या पावसाळ्यात एखादे झुडूप लावताना वरच्या फुलांआधी खालच्या मातीचा विचार केला, तर पुढील अनेक उन्हाळे ते झुडूप त्याची परतफेड करीत राहील.